करंगळी

ओगिकुबोच्या स्टुडिओत त्यांनी माझ्या हातांवर
चार कॅमेरे रोखले.
चेहरा नको होता. चेहरा तयार होता :
सोळा वर्षांची तोवा, निळसर केस,
डोळे एवढे की अख्खं सभागृह आत मावावं.
फक्त चेलोवरचे हात
कुणाला मनानं काढता येत नव्हते.

तीन तास. डबा धरून अठरा हजार येन.
पेरांवर पांढरे ठिपके चिकटवले,
आणि उशिओदा नावाचा पोरगेला चित्रकार
गुडघ्यावर वही ठेवून म्हणाला,
"इत्सुकोसान, तुमची करंगळी आत वळते,
अनामिकेमागे लपल्यासारखी."
सरळ करून टाका, मी म्हटलं.
हामामात्सुच्या माझ्या बाईंनी अकरा वर्षं तेच केलं होतं,
आधी फूटपट्टीनं, मग नुसत्या उसाशानं.
तो हसला. "एका कागदाचे अडीचशे येन.
सरळ बोट काय, वाकडं काय, भाव एकच.
वाकड्याला वेळ जास्त लागतो."

आवाज माझा घेतला नाही.
तो व्हिएन्नाला शिकून आलेल्या कुणीतरी
दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या स्टुडिओत दिला.

तोवाची तार शेवटच्या फेरीत तुटते.
ती उरलेल्या तीन तारांवर वाजवत राहते
आणि मागच्या रांगेत कुणीतरी उठून उभं राहतं.
माझी तुटली कावागोएच्या हॉटेलात,
केक कापताना.
नवऱ्या मुलाचे काका खाली वाकून म्हणाले,
थोडं हळू वाजवाल का, भाषणं सुरू होतायत.
नवी तार नऊ हजार.
त्या दिवसाची बिदागी आठ.

गजाचे केस बदलायला पैसे लागतात
हे तोवाच्या बारा भागांत कुठेही येत नाही.
येऊ नये, म्हणा. कोण बघेल?

आम्ही चौदा जण होतो वर्गात.
एक ऑर्केस्ट्रात आहे, पाचव्या रांगेत.
होरिगोमे विमा विकतो, आणि छान विकतो,
वाक्याच्या शेवटी आवाज कसा उतरवायचा ते त्याला कळतं.
मिनेकोनं वाद्य विकलं त्याला नऊ वर्षं झाली.
डाव्या हाताची नखं अजून कापते,
फक्त डाव्या.

मी रात्री दहा ते सहा तोदाच्या कारखान्यात.
पट्ट्यावरून भात येतो,
मी त्यावर माशाचा तुकडा ठेवते,
तिरका, वेष्टणावरच्या चित्रात असतो तसा.
हातावर पोट म्हणतात ते हेच,
फक्त हातांवर मोज्यांचे दोन जोड,
आणि थंडी तरी पेरांत शिरतेच.

शेवटचा भाग रात्री दीडला लागला.
सुट्टीच्या खोलीत टीव्ही मुका ठेवायचा असा नियम आहे,
कुणी ना कुणी टेबलावर डोकं टेकून झोपलेलं असतं.
तोवा आली. बसली. गज उचलला.
आवाज नाही,
म्हणजे जो माझा नव्हता तेवढाच गेला होता,
आणि पडद्यावर उरलं ते सगळं माझं :
मनगटाची ती ढिलाई, अंगठ्याचा आधार,
आणि वरच्या सुरावर सरकताना
अनामिकेमागे लपलेली करंगळी.
वाकडी. जशीच्या तशी.
कागदामागून कागद, प्रत्येकावर वाकडी.

निशिझुकाबाई चहा फुंकत म्हणाल्या,
"पोरीचं शेवटचं बोट बघ गं,
घाईत काढलंय कुणीतरी."
हो ना, मी म्हटलं. पगार कमी असतो त्यांना.

मग नावं वर सरकू लागली.
उशिओदाचं मुंगीएवढं.
माझं 'सहकार्य'मध्ये, एक अक्षर चुकलेलं,
वाचेपर्यंत गेलंसुद्धा.

घंटा झाली. मोजे चढवले, एकावर एक.
पट्टा सुरू झाला, भात आला,
मी तुकडा उचलला, तिरका ठेवला.
दोन मोज्यांच्या आत
करंगळी वळलेली होती,
मी तिला काही म्हटलं नाही.