छाट

सातव्या महिन्यात नागमणीनं
दंडावर सुई टोचून घेतली, हत्तुरे डॉक्टरीणबाईंकडे.
पंधराशे रुपये.
मी म्हटलं, पंधराशेत किती बिड्या होतात, हिशेब कर की.
ती म्हणाली, केलाय.
आणि सूप मांडीवर ओढून
पुढचं पान कापायला लागली.

आता येमुलांचा भार्गव खोकतोय.
आमच्या मधली भिंत एका विटेची.
एका दमात वीस-बावीस ढासा,
मग श्वास आत ओढताना ती लांब हूक,
गंजलेल्या बिजागरीची.
माझे कान मागावर बधिरलेले, बारा तासांचा खडखडाट,
तरी रात्री तेवढंच ऐकू येतं.
गेल्या रविवारी त्यानं चिन्नीला मांडीवर घेतलं होतं,
गालाला गाल लावून.
चिन्नी पाच आठवड्यांची.
तिचं स्वतःचं असं अजून काही नाही,
नखं सोडली तर.

डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठीच्या पाठीवर काढून दाखवलं.
श्वासनळीला आतून लव असते.
टॉवेलच्या लुपांसारखी, मी म्हटलं. मी तेच विणतो.
तशीच, म्हणाल्या. डांग्या खोकल्याचे जंतू
त्या लुपांना धरून बसतात आणि विष सोडतात.
पांढऱ्या पेशी धावून येतात, गिळायलाच येतात,
पण विष लागलं की जागच्या जागी उभ्या,
लाइट गेल्यावर माग उभे राहतात तशा.

मग त्यांनी एक बेचकं काढलं, गलोलीचं असतं तसं.
हे आईच्या रक्तातलं,
वारेतून लेकराकडे गेलंय,
शेवटच्या महिन्यांत, रोज थोडं थोडं.
दोन टोकं जंतूला धरतात, दांडी बाहेर राहते.
पांढरी पेशी त्या दांडीला हात घालते
आणि गिळते.
काही बेचकी विषालाच धरून ठेवतात,
म्हणजे पेशींचा लाइट जात नाही.

बेचकं स्वतः मारत नाही?
फारसं नाही. ते धरून दाखवतं, हा, हा बघ.

नागमणी तेव्हा हसली.
कारखान्यात चेकर बिडी बोटात दाबून बघतो,
कच्ची वाटली की बाजूला : छाट.
पंधरा वर्षं तिचा त्या शब्दावर राग.
"म्हणजे एवढे चेकर भरून दिलेत म्हणा की मी हिला."

चिन्नीचं दोन रात्री नाक वाजलं.
तीनदा शिंकली. हूक आली नाही.
आत काय झालं, कुणी पाहिलं नाही.
जंतू आलाच नसेल, असंही असेल.
मी दोन्ही रात्री तिच्या छातीवर तळहात ठेवून
बसलो होतो, एवढं खरं.

हे उसनं आहे, विरत जाईल, बाई म्हणाल्या.
आमच्याकडे नळ चार दिवसांआड येतो,
मला हे समजवावं लागत नाही.
ड्रम भरलेला असला तरी
माणूस नळाची वेळ विसरत नाही.
सोमवारी सहा आठवडे होतात. तिची स्वतःची पहिली सुई.
मी पाळी बदलून घेतलीय.

पलीकडे पुन्हा सुरू झालं.
तोंडाला रुमाल बांधून मी दार वाजवलं.
भार्गवची आई आली, एक हात कमरेवर,
सातवा लागलेला.
म्हटलं, त्याला उद्या सकाळीच दाखवा,
आणि तुम्हीही त्या बाईंना भेटून घ्या.
ती दाराला टेकली.
म्हणाली, किती घेतात?