झिजेचं माप

नोव्हेंबरच्या वादळात पवनचक्कीचे चार दाते गेले.
फ्राउक्येनं तुकडे एप्रनमध्ये गोळा करून
माझ्या टेबलावर ओतले.
"येल्मर, गुरुवारी हवेत. बेकरीवाला थांबणार नाही."

मी तेव्हा छत्तीसचा,
आणि पट्टीवर माझा फार विश्वास.
अठराशे एकोणीसचा आराखडा माळ्यावर होता,
शाई तपकिरी, आकडे शाबूत.
हॉर्नबीमचं लाकूड, आठ वर्षं वाळवलेलं.
चारही दाते आराखड्याबरहुकूम,
केसाचाही फरक नाही.

फ्रीसलँडचा वारा. पाती फिरली.
आणि चाकाच्या प्रत्येक फेरीत
चार ठोके.

मोठ्या चाकाला एकसष्ट दाते.
सत्तावन्न म्हातारे, एका अंगानं खचलेले,
देवळाच्या पायऱ्यांसारखे गुळगुळीत.
त्यांच्यात माझे चार, छाती काढून उभे.
बाकीचे भार येण्याची वाट पाहत,
हे आधीच पोचत, एकट्यानं झेलत,
लहान चाकावर जणू दात धरून.
तिसऱ्या दिवशी एक तडकला.
जाताना शेजारच्या म्हाताऱ्यालाही घेऊन गेला,
ज्याचं काहीच चुकलं नव्हतं.

फ्राउक्ये ओरडली नाही. बापाला घेऊन आली.
वीब्रेन, वय ब्याऐंशी,
डावा गुडघा गेल्या वर्षीच बदललेला.
शिडी चढताना कुरकुर चालली होती,
गुडघ्याची नाही,
उरलेल्या पायाची.

त्यानं दिव्याची काजळी जवसाच्या तेलात कालवली,
नव्या दात्यांना फासली,
आणि मला चाक हातानं फिरवायला लावलं. सावकाश.
काजळी जिथं पुसली गेली
तिथं बोट ठेवलं: "इथं तास."
मी आराखडा पुढे केला.
"हा चाक नवं होतं तेव्हाचा," तो म्हणाला.
"नवं चाक कुठाय, दाखव बरं."

चांगलं लाकूड तासताना हात जड होतो.
वर्षानुवर्षांची झीज
मी एका दुपारी पटाशीनं कोरली.
खोटी होती,
पण बसली.

मग मधमाश्यांचं मेण.
मेण चोळता चोळता वीब्रेन म्हणाला,
इकडे एकसष्ट, तिकडे बावीस,
भाग जात नाही, आणि हे मुद्दाम केलेलं.
प्रत्येकाची प्रत्येकाशी कधीतरी गाठ पडते,
कुणा एकाचा वाकडेपणा
कुणा एकालाच भोगावा लागत नाही.
माझी चूक तेव्हापासून
बावीस जणांत वाटली जातेय.

ठोका अजून येतो, अगदी बारीक.
वीब्रेन म्हणतो, नाही येत. त्याचे कान जुने.

मार्चमध्ये मेण लावायला चढलो,
पाच नवे दाते मोजायला लागलो.
चार रंगावरून सापडले, जरा फिके.
पाचवा बोटांनी शोधला, मग टिचक्यांनी,
मग कंदील विझवून अंधारात.

बेकरीवाल्याची गाडी खाली उभी होती.
मी उतरलो.
पाचवा कुठला
ते त्या बावीस जणांना ठाऊक.