पाऊण तास

साडेपाचचा गजर. ऐरोली, सेक्टर आठ.
समोरच्या इमारतीत एकच खिडकी पेटलेली.
उशाशी तांब्या आणि ती बारकी गोळी,
कालपर्यंत पन्नासची,
आजपासून पंचाहत्तर.

आता पाऊण तास चहा नाही.
जयवंत आलं किसून उभा, गॅस न लावता.
"तू घे ना," म्हणते.
"आधण तरी ठेवतो," म्हणतो,
ठेवत नाही.

शाळेत मला कासव म्हणायचे.
आई म्हणायची, बूड जड आहे हिचं.
भर मे महिन्यात चादर ओढायचे
आणि हा आपला स्वभाव, असं धरून चालले होते मी.
मग तांडेल लॅबच्या कागदावर
आकड्याशेजारी एक बाण, वर तोंड केलेला.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या,
बाळाचं स्वतःचं दुकान अजून उघडलेलं नाही,
तोवर ते तुमच्याच खात्यातून काढणार.
हसू आलं. माझ्या खात्यात
शिल्लक होती कधी?

म्हणून हा रोजचा भरणा.
कॅल्शियम दुपारी, लोह रात्री.
भांडलेल्या जावांसारखं
गोळ्यांनी एकमेकींसमोर यायचं नाही.
दर चार आठवड्यांनी दंडाला रबरी पट्टा.

काल सासूबाई म्हणाल्या,
पोटुशीला कशाला गं इतकी औषधं?
म्हटलं, आई, माझ्या गळ्यात जे कमी बनतं
तेवढंच बाहेरून घेते.
त्या गप्प.
थोड्या वेळाने पाहिलं तर
आरशासमोर
स्वतःचा गळा चाचपत होत्या.

सव्वासहा.
जयवंत लायटर शोधतोय.
त्याच्याच हातात आहे.