सोळा औंस

त्या तबकडीवर मीही आहे.
दुसरी बाजू, तिसरं गाणं,
मार्लीन श्वास घेते तिथे, मागे, एक खोकला.
तो माझा. वय वर्षं चार.

रॉटरडॅमहून ज्याचा फोन आला
त्याला तो खोकला पाठ आहे.
म्हणाला, हँकॉक, मिशिगनचे केस्किटालो
आपणच का?
म्हटलं, हो, पण मी गात नाही.

वडील वजन-मापांचे इन्स्पेक्टर.
तीन काउंट्या, एक फोर्ड, मागच्या सीटवर
मखमलीच्या पेटीत पितळी वजनं,
आम्हा दोघांपेक्षा नीट बसवलेली.
मापातलं पाप त्यांना वासावरून कळे.
खाणी मिटत होत्या, माणसं डेट्रॉइटला चालली होती,
आणि हे खाटकाच्या दुकानात
अर्ध्या औंसासाठी उभे.

एकसष्टच्या फेब्रुवारीत त्यांनी ठरवलं,
मोठ्यांना सांगून झालं,
आता लहानांना गाऊन सांगावं.
नऊ गाणी लिहिली. चाली चर्चमधल्या,
जरा पळवलेल्या.
अंगणातला सौना, आमची घामाची लाकडी खोली,
तीन दिवस थंड ठेवला;
सीडरच्या फळ्या आवाज चोरत नाहीत, म्हणाले.
आई अकॉर्डियनवर, बोटं कापलेले हातमोजे घालून.
रेडिओवाला अर्विड सुटकेसमधलं कोरणीयंत्र घेऊन.
मार्लीन वरच्या बाकावर, कोटात, सात वर्षांची,
पुढचे दोन दात नाहीत.
पाय हलवायचे नाहीत, बाक करकरतं.
मला घरात एकटं ठेवता येईना,
म्हणून दाराशी, तोंडात लोकरी मोजा कोंबून.

सोळा औंस, सोळा औंस,
तेवढंच तोलून दे रे मांस;
खाटीककाका, अंगठा उचल,
तो नको आम्हांस!

शेवटचा 'स' तिच्या दातांच्या फटीतून
शीळ होऊन निघून जातो.
वडिलांनी तो पुन्हा घेतला नाही.
माझा खोकलाही नाही. तबकडी महाग होती.

सिनसिनाटीहून तीनशे प्रती आल्या.
अकरा खपल्या, त्यांतल्या चार हिल्मा आत्याने घेतल्या.
शाळेने एक ठेवून घेतली, वाजवली नाही.
काही वडिलांनी स्ट्रॉबेरीच्या वाफ्यावर टांगल्या,
पाखरं हुसकायला.
वारा सुटला की बहीण उन्हात चमकायची.

रॉटरडॅमला सांगितलं नाही ते असं:
कोरण्याआधी वडिलांनी ती पहिली तबकडी तोलली होती.
कोरल्यावर पुन्हा तोलली.
वहीत त्यांच्या चौकोनी अक्षरात आहे,
'गायल्यानंतर तेरा ग्रेन कमी.'
सुईखालून निघालेला काळा केसासारखा धागा
अर्विड जाळून टाकणार होता. त्यांनी मागून घेतला,
कॉफीच्या डब्यात भरला, तोही तोलला.
तेरा ग्रेन.
खाली रेघ, सही, तारीख.
त्यांचा हिशेब जुळला.
मी तो डबा कधी कधी उघडतो
आणि झाकण लावतो.

मार्लीन मार्केटला शाळेची बस चालवते.
तिला फोन केला. चारशे डॉलर देतोय, म्हटलं.
बराच वेळ बसचं इंजिन ऐकू आलं.
मग म्हणाली,
"त्याला अंगठा उचलायला सांग."

मी पाठवायचं ठरवलं.
कडा जराशी वाकलेली एक, वाफ्यावरून उतरवलेली.
पुठ्ठा, चिकटपट्टी, आणि घरच्या काट्यावर
वजन करून मगच पोस्टात.
खिडकीतल्या मुलीचा काटा
अर्धा औंस जास्त दाखवत होता.
मी पैसे दिले. बर्फ पडत होता.
गाडीत बसलो, किल्ली फिरवली,
वायपर दोनदा इकडून तिकडे गेले.

मग गाडी बंद केली
आणि परत आत गेलो.