निकष क्रमांक चार

विभागीय कार्यालय, नाशिकरोड, दुसरा मजला.
पंखा एकाच वेगाने फिरतो, म्हणून फायलींवर
स्टेपलर, पंच, आणि माझा चष्म्याचा डबा.
एकोणीस प्रस्ताव. पैसे सहा गाड्यांचे.
समितीत तिघं: अध्यक्ष, लेखा शाखेच्या गायधनी मॅडम,
आणि तांत्रिक सदस्य मी,
सेवानिवृत्त केंद्र अधिकारी,
मानधन पाचशे, चहा वेगळा.

गुण शंभर. लोकसंख्येला वीस.
स्वहिश्श्याच्या ठरावाला पंधरा, ठरावावर शिक्का हवा.
निकष क्रमांक चार:
वर्दी मिळाल्यापासून पोहोचेपर्यंत सरासरी किती मिनिटं.
दहाच्या आत पंचवीस गुण,
वीसपर्यंत बारा,
त्यापुढे शून्य.

पहिला प्रस्ताव गंगापूर रोडच्या सल्लागाराचा,
स्पायरल बाइंडिंग, रंगीत नकाशा. आठ मिनिटं.
दुसराही त्याचाच. आठ.
तिसऱ्यात गावाचं नाव बदलायचं
एका पानावर राहून गेलंय.
तिथेही आठ.

अकरावा हाताने लिहिलेला.
(गावाचं नाव सांगत नाही, निकाल अजून लागायचाय.)
घाटाखालची नगरपंचायत. बंब एक, सत्त्याऐंशी सालचा.
डिझेलच्या टाकीला भोक, त्यात साबणाची वडी दाबलेली.
तसंच लिहिलंय:
"साबण दर पंधरवड्याला बदलतो.
सायरन स्वतःच जळाला आहे, घंटा हाताने वाजवतो."
खाली सही, द. पां. खैरनार, लीडिंग फायरमन.
वर्षभरात वर्दी एकशे सात:
कांद्याच्या चाळी, चाऱ्याच्या गंजी,
एक लग्नाचा मांडव, एक भेळेची गाडी.
सरासरी वेळ एक्केचाळीस मिनिटं.
आणि समासात, कुणी न विचारलेलं,
"पैकी एकसष्ट ठिकाणी फक्त राख भिजवली."

गायधनी मॅडमचं बोट कॅल्क्युलेटरवर थांबलं.
"चारला शून्य ना?"
निकषाप्रमाणे शून्य.
अध्यक्ष म्हणाले, "एक्केचाळीस मिनिटं लावणाऱ्याला
नवी गाडी देऊन करायचं काय?"
मी म्हणालो, "साहेब, गाडी नाही म्हणून तर..."
तेवढ्यात चहा आला.
दार उघडं राहावं म्हणून
शिपायाने त्याला अग्निशामक सिलिंडर टेकवला.

पुढे बोललो नाही, त्याला कारण आहे.
ब्याण्णव साली हाच फॉर्म मी भरला होता.
आम्हाला पंचवीस मिनिटं लागायची.
मी नऊ लिहिली.
गाडी आली, नव्या रबराच्या वासाची,
आणि तिसऱ्याच महिन्यात एका माडीवरून
आम्ही दोन पोरं उतरवली, आणि एक शिलाई मशीन,
कारण त्याशिवाय त्यांची आई उतरेना.
तेव्हापासून नऊ हा आकडा
मला खोटा म्हणवत नाही.
खराही म्हणवत नाही.

रिमार्कच्या रकान्यात जागा दीड ओळ.
मी लिहिलं: "आकडा खरा आहे."
त्याला वेगळे गुण नव्हते.
बेरीज बावन्न. सहावी गाडी अठ्ठावन्नला गेली.
खैरनारने नुसतं वीस लिहिलं असतं
तरी चौसष्ट झाले असते.
मॅडमनी हे मला हळूच सांगितलं,
फाइलची नाडी बांधताना.

संध्याकाळी बिटको चौकात रिक्षाची वाट बघत
अर्जावरून उतरवून घेतलेला नंबर लावला.
का, ते नीट सांगता येणार नाही.
सवयीने घड्याळ बघितलं.
दुसऱ्या रिंगला उचलला.
मागे कुणाच्या तरी बुटांचा आवाज,
कुणीतरी इंजिनाला धक्का द्यायला हाका मारतंय.
"फायर स्टेशन. बोला, काय पेटलंय?"
माझ्या तोंडून शब्द फुटेना.
"पत्ता सांगा साहेब, पत्ता,
आम्ही निघालोच."