सव्वा तोळा

निंजा हा शब्द आमचा,
साखर पेठेतल्या व्हिडिओ पार्लरमधून उचललेला.
लिंगप्पा जॉबर तो कधी उच्चारत नसे.
तो म्हणे, रातपाळी.

मिल बंद पडून अकरा वर्षं झालेली.
साचाखात्याच्या पत्र्यावर आम्ही चौघं अनवाणी,
मल्लेशम, इरण्णा, ताहेरा आणि मी.
रात्री बारालाही पत्रा कोमट.
पाऊल असं टेकवायचं
की पत्र्याला वाटावं, भास झाला.
तोंडाला चादरीची फाटकी किनार,
डोळे तेवढे उघडे.
पडणं शिकवलं त्यानं, लपणं शिकवलं,
खोकला घशातच कसा मोडायचा तेही.
एक मात्र शिकवायचं नाही, म्हणून तीनदा सांगितलं.
त्यामुळेच तर आम्हाला कळलं
की असं काही असतं.

सावली सोडणं.

दिव्याकडे पाठ करायची.
टाचेपाशी, जिथं ती आपल्याला शिवलेली असते,
तिथला टाका उसवायचा, हात न लावता.
मग ती जाते.
दाराखालून, कुलपातून,
झोपलेल्या माणसाच्या पापण्यांवरून.

पहिल्यांदा इरण्णानं सोडली,
बापाची थकलेली मजुरी आणायला.
शेठच्या गल्ल्यातले मोजून दोनशे चाळीस.
वर एक रुपया नाही.
आम्ही टाळ्या वाजवल्या बे,
यात वाईट काय होतं?
दुसऱ्यांदा ताहेराच्या फुप्पीच्या औषधासाठी.
तिसऱ्यांदा कशासाठी, आठवत नाही.
हेच सांगायचं होतं खरं तर.
तिसऱ्यांदाचं कारण चौघांतल्या कुणालाच आठवत नाही.

माझी आई सुताची लडी हातात धरून वजन सांगायची,
तोळ्याची चूक व्हायची नाही.
तो हात थोडाफार माझ्यात उतरलेला.
एका रात्री शंका आली
म्हणून गोदामातल्या काट्यावर चढलो,
सोडण्याआधी एकदा, परतल्यावर एकदा.
सव्वा तोळा जास्त.
पोट भरून आली होती ती.
कुणाचं काय खाऊन,
हे विचारायची सोय नव्हती.

मग बारीकसारीक गोष्टी.
इरण्णाला शेंगाचटणी तिखट लागेना.
ताहेराचं मांजर तिच्या मांडीवरून उठून गेलं
ते पुन्हा बसलं नाही.
मल्लेशम रडणाऱ्या पोराकडे असा बघायचा
जसा कोणी अडत्याच्या दुकानात भाव बघतो.
माझं म्हणाल तर काही नाही.
मला झोप फार छान लागायची.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात
सोलापुरात एक दुपार येते.
ऊन बरोब्बर टाळूवर.
खांबाची, म्हशीची, माणसाची सावली
पायाखाली चेंगरून मिनिटभर नाहीशी होते.
त्या दुपारी लिंगप्पानं आम्हाला
कन्ना चौकात ओळीनं उभं केलं.
डांबर मऊ. रसवंतीचे घुंगरू.
बारा वाजून बावीस मिनिटं.

रसवाल्याची गेली.
भिंतीला टेकलेल्या सायकलीची गेली.
आमच्या चार राहिल्या,
संध्याकाळी असतात तेवढ्या लांब,
चौघींची तोंडं गोदामाकडे.
आणि पाचवी, जॉबरची,
रस्ता, गटार, दुकानं ओलांडून
भुईकोटाच्या खंदकाकडे गेलेली.
टोक दिसत नव्हतं.

तो तिच्याकडे बघतच नव्हता.
"नको म्हणून सांगितलं होतं," म्हणाला.
मग तोंडावर हात ठेवून,
"तीनदा."
तो लाजला होता
की आम्हाला मोजत होता,
मला अजून ठरवता येत नाही.

आता माझे सहा यंत्रमाग आहेत. टॉवेल काढतो.
मजुरी वेळेवर देतो, जवळजवळ.
मेमधली ती दुपार दरवर्षी
शटर ओढून, ट्यूबलाइटखाली काढतो.
कामगार विचारतात, शेठ, आज जेवायला घरी नाही?
मी हिशेबाच्या वहीतून मान वर करत नाही.

झोप अजूनही छान लागते.