पाय मागे आला तर

आमच्या प्रयोगशाळेत बारमाही अठरा अंश.
बाहेर कलिन्याचा वैशाख चपलेला डांबर लावून सोडतो,
विमानतळाच्या भिंतीवर हवा तव्यासारखी थरथरते,
आणि आत मी, स्वेटर घालून,
लाखेचं सील फोडते.

मुद्देमाल क्रमांक चार. हिरवट-तपकिरी,
फुलोऱ्याचे शेंडे, काड्या, बिया.
काचपट्टीवर चिमूटभर.
भिंगाखाली एकेक केस उभा राहतो,
अस्वलाच्या नखासारखा वाकडा,
बुडाशी चुन्याचा खडा.
एकोणीस वर्षं या नखांखाली मी सही करत आले.

रात्रपाळीचा वॉचमन खीमसिंग,
पिथौरागडच्याही वरच्या अंगाचा.
पुस्तकातलं ते नख त्याला एकदा दाखवलं, तर हसला.
"मॅडम, आमच्याकडे खरं अस्वल येतं,
पण मक्यात. भांगेत कशाला येईल?"
त्याच्या गोठ्यामागे ती पुरुषभर वाढते.
सालीचा दोर गाईच्या गळ्यात,
बियांची चटणी ताटात.

"पेरता कधी?" मी विचारलं,
नाचणीचं विचारावं तसं.
तारीख त्याला सांगता येईना.

"मी फोनवर देबुलीला विचारतो.
वरच्या धारेवर बर्फ आहे का,
अक्रोडाला पान फुटलं का,
काफळ पिकलं म्हणणारं पाखरू बोललं का.
हे सगळं झालं तरी
एखाद्या रात्री पाळा पडतोच,
आणि सकाळी दोन-दोन पानांची पोरं काळी.
माझा बाप पहाटे चप्पल काढून
वाफ्यात नुसता उभा राहायचा.
पाय आपोआप मागे आला, तर थांबायचं.
नाही आला, तर पेरायचं."

यंदा देबुलीनं घाई केली.
गेटवर, घामानं भिजलेल्या गणवेशात,
त्याला मी बोलताना ऐकलं:
"सगळं?"
मग बराच वेळ नुसतं हूं, हूं.
मग, "बी उरलंय ना?"

मंगळवारी सत्र न्यायालयात माझी साक्ष.
बचावाचे वकील, चष्मा कपाळावर चढवून:
"बाई, हे झाड जमिनीत उभं असलेलं
आपण कधी पाहिलंय?"
"नाही."
"वास तरी?"
"पाकिटातला."
टंकलेखिकेनं दोन्ही उत्तरं घेतली.
पिंजऱ्यात एकोणीस-वीसचा पोरगा,
चपला बाहेर काढून उभा,
एक पाऊल दुसऱ्या पावलावर ठेवून.
एसीचा झोत नेमका तिथेच.
मला सरकारी वकिलांकडे बघायचं होतं.
मी त्याच्या बोटांकडे बघत राहिले.

संध्याकाळी खीमसिंगनं डबी पुढे केली.
काळसर, लिंबू पिळलेली, धुरकट चटणी.
"भाजलेलं बी आहे, मॅडम. उगवत नाही,"
मी न विचारताच म्हणाला.
जिभेला तीळ वाटले, मग तीळ नव्हते.
भिंतीपलीकडच्या सुबाभळीत
पावशा घसा ताणून सांगत होता: पेरते व्हा, पेरते व्हा.
तिथे धावपट्टी आहे.

आज क्रमांक सात उघडताना
एक बी टेबलावरून घरंगळलं,
राखाडी, चिमणीच्या अंड्यासारखं ठिपकेदार,
आणि फरशीवर थांबलं.
खोलीत कुणी नव्हतं.
मी प्रयोगशाळेची सपाता काढली,
पाऊल टेकवलं त्याच्या शेजारी.

पाय मागे आला.

वाकून बी उचललं, मोजणीत धरलं,
पाकिटात परत घातलं,
आणि लाख तापवायला
बागव्यांना हाक मारली.